कुंदाच्या हातांची हळद

सावद्यात एके काळी कुजबुज होती की चुडामणची कुंदा भुसावळात गुपचूप लग्न करून बसली आहे. पुरावा पक्का होता. पोरगी संध्याकाळच्या एसटीतून उतरायची तेव्हा तिच्या हातांना हळद असायची. बेबाबाईनं ती स्वतः पाहिली होती, आणि बेबाबाईनं पाहिलं म्हणजे गावानं पाहिलं.

घरी कुंदानं शिवणक्लास सांगितला होता. तेव्हाच्या पुढाऱ्यांचं भाषणच तसं: पोरांना पदवी, पोरींना शिवणयंत्र. चुडामणनं दोन्ही मनावर घेतलं. पोरगा कॉलेजात गेला, कुंदा भुसावळला. पण वर्ष सरत आलं तरी घरात साधं झबलं शिवून आलं नाही, तेव्हा कुजबुजीला पाय फुटले आणि ती थेट चुडामणच्या ओट्यावर चढली. महिन्याच्या आत कुंदाला लग्नाची हळद लागली. नवरा जीवराम, केळीचा बागाईतदार, भला माणूस. एसटी तेवढी सुटली.

परवा गावात सभा झाली. पुढारी नवा, माइकही नवा. "नुसत्या पदव्या घेऊन काय करता? हाताचं काम शिका!" साठी ओलांडलेली कुंदाबाई इतकी हसली की पदर तोंडाशी धरावा लागला.

"काहून हसते वं?" शेजारच्या म्हाताऱ्या बेबाबाईनं विचारलं.

"काही नाही अक्का. मानूस चांगला आहे, उशिरा आला."

घरी वाद पेटलेलाच होता. नात भाविकाला बी.ए. सोडून आयटीआयला जायचं होतं आणि प्रवेशाचा उद्या शेवटचा दिवस. मुलगा हितेंद्र अडून बसला होता.

"पोरीनं लोखंड घासत बसावं? लोक काय म्हनतीन, आई?"

"लोकायचं मले नको सांगू. लोकायनं माझं एक लगन जास्तीचं लावलं."

हितेंद्रला काही कळलं नाही.

सकाळी कुंदाबाई स्वतः नातीला घेऊन एसटीनं भुसावळला निघाली. तापीचा पूल आला तशी तिनं खिडकी सरकवली आणि वारा अंगावर घेत बसली, कॉलेजातल्या पोरीसारखी. मग पिशवीतून हळदीची पुडी काढून तिनं भाविकाच्या हातात दिली.

"हे कशाला, आजी?"

"लागीन."

कुंदाचं भुसावळात लग्न झालेलं नव्हतं. ती आयटीआयमध्ये फिटरचं काम शिकत होती. लोखंडावर कानस चालवताना बोटं सोलवटायची, त्यावर ती हळद लावायची.