आत्ताच लादी पुसलीय

आमच्या इमारतीमागची वस्ती काल सकाळी पाडायला घेतली. आमच्याकडे धुण्याभांड्याला येणाऱ्या शेवंताबाईंचं घरही गेलं. कळल्यावर मी धावत गेलो. भिंती नव्हत्या, छप्पर नव्हतं. धुळीनं भरलेली लादी तेवढी उरली होती. तिच्यावर डबे, गाद्या आणि शेवंताबाई.

घरं पाडून घेऊन आता पंचनामा करायला आलेले पालिकेचे साहेब बुटांसकट लादीवर चढू लागले.

"साहेब, बूट बाहेर काढा हो!" शेवंताबाई ओरडल्या. "आत्ताच लादी पुसलीय."

साहेबांचा उचललेला पाय मागे गेला. ते चक्क खाली वाकले, बुटाच्या नाडीला हात घातला आणि मग एकदम त्यांच्या लक्षात आलं. सकाळपासून रडणाऱ्या बायका पोट धरून हसल्या. बंदोबस्ताच्या पोलिसानंही तोंड फिरवलं.

गरीब माणसं कशातही आनंदी असतात, असं म्हणणाऱ्यांची मला चीड येते. त्या हसण्यात आनंद औषधालाही नव्हता. त्यानं एक वीटही जागेवर गेली नाही; शेजारच्या घरावर बुलडोझर चालूच होता. शेवंताबाई स्वतः तर हसल्याच नाहीत. ज्या माणसानं घर पाडलं, त्याच्याकडूनच ते घर आहे असं त्यांनी क्षणभर कबूल करून घेतलं होतं.

उरलेला पंचनामा साहेबांनी लादीच्या कडेला, उन्हात उभं राहून लिहिला. "या, बसा," असं त्यांना कुणी म्हटलं नाही.