नारळ पुढे, आम्ही मागे

आमच्या घरात एक नियम आहे. जीपमध्ये बाईमाणसाने पुढे बसायचं नाही, आणि का ते विचारायचं नाही. सातव्या वर्षी मी विचारलं होतं. चापट मिळाली, उत्तर नाही.

जीप आप्पाकाकांची, म्हणजे बाबांच्या थोरल्या भावाची. भिवंडीत त्यांची गवताची वखार आहे. गवत पाहायला खेडोपाडी हिंडावं लागतं, म्हणून त्यांनी लष्कराने मोडीत काढलेल्या गाड्यांतून ही जीप घेतली. होळी झाली की काका, काकू, आई, बाबा आणि मी तिच्यातून पडघ्याच्या पलीकडे, आतल्या कच्च्या रस्त्यांनी कुलदेवीला जातो. दोन्ही बाजूंना पळस पेटलेला असतो. पण मागच्या बाकांवर बसलं की रस्ता उलटा दिसतो. झाड दिसतं तेव्हा ते मागे पडलेलं असतं. नीट बघता येतात ती समोरच्या बाकावरची माणसं. त्यामुळे माझ्याकडे पळस कमी आणि किस्से जास्त साठलेत.

*

काकांच्या शेजारची सीट देवीच्या नारळाची. लाल फडक्यातला नारळ तिथे ऐसपैस बसतो आणि बाबा मागे आमच्यात, गुडघे हनुवटीला लावून.

एकदा मी म्हटलं, "काकू, नारळाला रस्ता बघायचा असतो का?"

"देवीचा आहे तो. तुझ्या जिभेला काही हाड?"

"बरं. पण येताना तर तो फुटलेला असतो. तेव्हा तरी बाबांना पुढे बसू दे."

येताना त्या सीटवर प्रसादाची नारळवाटी बसली. बाबा मागेच. वर मलाच म्हणाले, "दादा म्हणतो तसं करावं."

*

काका वाट विचारतात, पण बाईला नाही. एका वर्षी पडघ्याच्या पुढे रस्त्याला दोन फाटे फुटले. आसपास कोणी नव्हतं, फक्त मोहाची फुलं वेचणारी एक म्हातारी. ती आपण होऊन म्हणाली, "डावीकडं जाऊ नका. मोरी खचली हाय."

काका तिच्या डोक्यावरून पलीकडे बघत म्हणाले, "इथे कोणी पुरुष माणूस नाही का?"

"हाय ना, माझा नवरा. काल डावीकडंच गेला. बैल आले परत, गाडी न्हाय आली."

काका डावीकडे गेले. तासभर आम्ही ओढ्याच्या वाळूतून जीप ढकलत होतो. काका स्टिअरिंगवर बसून सांगत होते, "जोर लावा."

*

मला गाडी शिकवली झुबेदाच्या अब्बांनी. झुबेदा माझी कॉलेजातली मैत्रीण, तिच्या घरचे कापडाचे लूम आहेत. दर रविवारी अब्बा आम्हा दोघींना त्यांच्या जुन्या गाडीतून अंजूरकडे नेत आणि कापणी झालेल्या मोकळ्या शेतात सोडत. पहिल्या दिवशी मी घाबरून विचारलं, "चाचा, मला जमेल?"

ते म्हणाले, "बेटी, क्लच को पाँव चाहिए. पाँव किसका है, वो नहीं पूछता."

लायसन्स आलं ते नेमकं काकांच्या हाती पडलं. त्यांनी ते हातभर लांब धरलं, मग नाकापाशी आणलं. "रेशनचं काय काढलंस हे?"

बाबांनी वाचून दाखवलं. काकांनी ते माझ्यापुढे टाकलं. मग म्हणाले, "कपाटात ठेव. बघायला पाहुणे येतील तेव्हा दिसायला नको."

*

या होळीनंतरची गोष्ट. जाताना एका वळणावर काकांनी गाडी थांबवली आणि हॉर्न वाजवायला लागले. एकदा, दोनदा, मग सलग.

"काय झालं?" बाबांनी विचारलं.

"म्हैस बसलीय रस्त्यात."

आम्ही सगळ्यांनी मान वळवून पुढे पाहिलं. काळा कातळ होता. काकूलाही दिसला, बाबांनाही. पण आमच्या घरात काकांना कोणी सांगत नाही.

"उठेल हो," काकू म्हणाली.

मी उतरले, कातळावर दोन थापा मारल्या आणि परत येऊन म्हटलं, "उठत नाही म्हणते."

काकांनी गाडी कडेने काढली आणि काकूने मला असा चिमटा काढला की देवीपुढे हात जोडतानाही दंड ठणकत होता.

*

येताना उतारावर जीपचं पुढचं चाक मोरीच्या कडेवरून खाली गेलं. खाली दोन पुरुष खोल कोरडा ओढा. प्रसादाची वाटी सीटवरून उडून काकांच्या पायाशी पडली. काका खाली उतरून दगडावर बसले. त्यांनी डोळे चोळले.

"डोळ्यात धूळ गेली," ते म्हणाले.

मी न विचारता स्टिअरिंगवर बसले. रिव्हर्स टाकून जीप मागे घेतली. आईने वाटी उचलून पदरात बांधली आणि बाबांना म्हणाली, "तुम्ही पुढे बसा." बाबा बसले. काका काकूशेजारी, मागे.

त्या दिवशी मी पहिल्यांदा पळस समोरून येताना पाहिला.

*

ऊन उतरलं होतं. वडप्याच्या अलीकडे, आग्रा रोडला लागायच्या आधी काका मागून म्हणाले, "थांबव. आता मी घेतो."

थांबवावी लागणारच होती. पुढे रस्त्याच्या मधोमध काहीतरी काळं होतं.

"इथून सगळी ओळखीची माणसं," काका म्हणाले. "आप्पाला पोरीने मागे घालून आणला म्हणतील."

"दहा-पंधरा मिनिटांचा तर प्रश्न," काकू म्हणाली. "उतर शहाण्यासारखी."

"दादा म्हणतो तर उतर गं," बाबा.

"नाही."

"काय म्हणालीस?"

"उतरणार नाही. आज नाही आणि पुढच्या होळीलाही नाही. यापुढे तुम्ही मागे बसायचं, काका."

"का म्हणून?"

"समोर काय आहे ते सांगा. बरोबर आलं तर किल्ली तुमची."

काका दोन सीटांच्या मधून वाकून पुढे आले. डोळे बारीक करून बघत राहिले. बाबांनी मान खाली घातली. काकूने सांगायला तोंड उघडलं, आईकडे पाहिलं आणि मिटलं. काका हळूच मागे सरकून बसले.

मी हॉर्न दिला. म्हैस उठली.