कोऱ्या पानावरची सही

चहा सांडला आमदारांच्या हातून. पुसला मी.

मंडळ परिषदेची सर्वसाधारण सभा होती. आमचं मंडळ, म्हणजे छोटा तालुकाच, पेनगंगेच्या अलीकडचं, तेलंगणातलं. ऑफिसची भाषा तेलुगू, गावची मराठी. मी तिथे ज्युनिअर असिस्टंट, म्हणजे कारकून. सभेत जे होतं ते मिनिट बुकात लिहायचं, हे माझं काम. आमदार दीड तास उशिरा आले. बसता बसता त्यांच्या कोपराचा धक्का लागला आणि कप आडवा झाला. चहा कागदांकडे निघाला. शिपाई बाहेर गेलेला. आमदारांनी सगळ्यांवर नजर फिरवली. सरपंच, सदस्य, अधिकारी, तीसेक माणसं. नजर माझ्यावर येऊन थांबली.

"पुस."

"शिपायाला बोलावते, साहेब."

"तुह्या बापानं आमचा गोठा झाडला. तुले टेबल पुसाले लाज काऊन वाट्टे? पुस पदरानं."

लोक हसले. सगळे नाही, पण पुरेसे.

मी पुसला. पदराने. का पुसला ते मला विचारू नका, मीच मला विचारून थकले आहे. आठ वर्षांची नोकरी, कॉलेजची पदवी, तीन भाषा लिहिता येतात, आणि हात आपोआप पदराकडे गेला. माझे वडील खरंच त्यांच्या घरी सालदार, वर्षाच्या बोलीवरचे गडी, होते. त्याची मला कधी लाज वाटली नव्हती. त्या दुपारी वाटली, आणि ती लाज माझ्यात कोणी घातली हे मला नीट माहीत आहे.

मग ते म्हणाले, "सही कुठं करू?" मी मिनिट बुक पुढे केलं.

आमच्याकडे सह्या आधी होतात. पुढाऱ्यांना घाई असते. म्हणून तारीख टाकायची, चार पानं कोरी सोडायची, पाचव्यावर सगळ्यांच्या सह्या घ्यायच्या. मजकूर मागाहून कारकुनाने सावकाश भरायचा. 'सविस्तर चर्चा होऊन एकमताने मंजूर.' जिथे चर्चा झाली नाही तिथेही मी हे लिहिलं आहे. बोअरवेलबद्दल विचारणाऱ्या एका सदस्य बाईला याच आमदारांनी "खाली बस" म्हणून गप्प केलं होतं, त्या दिवशीही मी 'एकमताने' लिहिलं. त्यांचं तोंड इतकं सैल सुटलं त्यात माझ्या पेनाचाही हात होता. हे मान्य करायला मला फार जड गेलं.

पोलिसांत जा, असं तुम्ही म्हणाल. गेले. "साक्षीदार आणा." तीस जणांपैकी एकालाही काही ऐकू आलं नव्हतं. आमच्याच वस्तीतला एक सदस्य खाली मान घालून म्हणाला, "ताई, मी मोबाईलमंदी होतो." ऑफिसच्या सरांनी कपाटातून वर्तणूक नियमांचं पुस्तक काढून माझ्यासमोर ठेवलं. माझ्यासाठी पुस्तक आहे. उशीर झाला तर मेमो, आवाज चढला तर मेमो. आमदारांसाठी हैदराबादला विधानसभेची कुठली समिती आहे म्हणतात. आमच्या सभागृहात त्यांना लागू होईल अशी एक ओळ नव्हती.

घरी वडिलांना सांगितलं. ते म्हणाले, "माय, मले लिवता येत नोतं म्हून म्या झाडलं. तुले तं येते. मंग तू लिवलं काऊन नाही?"

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीआधी मी बुक उघडलं. चार कोरी पानं होतीच. ठराव लिहिले. त्यांच्या मधे, जिथे ते घडलं तिथेच, चहा, वेळ, हसणं, सगळं तेलुगूत लिहिलं. आमदारांचं वाक्य मात्र मराठीतच, तेलुगू अक्षरांत. एक शब्द वाढवला नाही. एक गाळला नाही.

सरांनी वाचलं आणि दार लावून घेतलं. "मॅडम, ये बातां मिनिट्स में नै लिखते. पन्ना निकाल दो."

"सर, पानांवर नंबर आहेत. प्रत्येकावर तुमचाच शिक्का आहे."

चार दिवसांनी सर आमदारांचा निरोप घेऊन आले. साहेब माझा सत्कार करणार, शाल देणार, 'गैरसमज' मिटवणार. मला शालीचा संशय आला. मी म्हणाले, "सभेत माफी मागा आणि लेखी द्या." सरांनी कपाळाला हात लावला. "लेखी दिये तो रूल बन जाता, मॅडम."

मला तेच तर हवं होतं.

पुढच्या सभेत आमदार वेळेवर आले. तेव्हाच समजले की माझं उत्तर त्यांच्यापर्यंत पोचलं आहे. कामकाजात पहिला विषय असतो, मागच्या सभेचं इतिवृत्त वाचून कायम करणे. कोणी वाचत नाही. नुसतं 'कायम' लिहितात. मी उभी राहिले आणि वाचलं. सगळं. त्यांच्या वाक्यापाशी मी अडखळले. पाणी प्याले आणि ते वाक्य पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

"हे म्या म्हनलंच नाही," आमदार म्हणाले.

"सही तुमची आहे, साहेब."

"कोऱ्या पानावर केली होती म्या सही."

सरांनी डोळे मिटले.

"तेही लिहून घेते," मी म्हणाले, आणि त्यांच्यासमोर लिहिलं.

टाळ्या वगैरे काही झाल्या नाहीत. आठव्या दिवशी बदलीचा हुकूम आला. नेरडीगोंडा, दुसरं मंडळ. कारण 'प्रशासकीय'. नव्या कारकुनाला मी बजावलं की कोरं पान कोणापुढे ठेवू नका. त्याने लगेच मान हलवली. इतक्या लगेच मान हलवणाऱ्यावर माझा विश्वास नाही. म्हणून जाण्याआधी माहिती अधिकारात अर्ज टाकून त्या पानांची शिक्क्याची नक्कल काढली. एक प्रत ठाण्यात दिली, एक हैदराबादच्या त्या समितीला रजिस्टर पोस्टाने. दोन्हींची पोच माझ्याकडे आहे. समिती काही करेल असं मला वाटत नाही. पण आम्हाला कोणी कळवलंच नाही, हे तिला आता म्हणता येणार नाही.

नेरडीगोंड्यातही सभा भरते. तिथेही निवडून आलेले येतात आणि आधी सही मागतात. तिथे मी बुक मांडीवर ठेवते. आधी बोला. मी लिहीन, वाचून दाखवीन, मग सही. ज्याला घाई असेल त्याने तसंच जावं. त्याच्या नावापुढची जागा मी रिकामी ठेवीन आणि तो किती वाजता उठून गेला ते तिथे टाकीन.