ओल्या काडेपेटीचा बँड

कुठल्याही बँडची गाणी मोजकी असतात, किस्से मात्र साठत जातात. आमची गाणी जेमतेम आठ-नऊ, आणि किस्से इतके की बेंगळुरूच्या जयनगरात कॉफीला बसलो की घरी जायचं राहून जातं.

बँड तसा ऑस्ट्रेलियन. अ‍ॅडलेडच्या इव्हाननं मित्रांबरोबर काढलेला. नाव ‘डॅम्प मॅचबॉक्स’, म्हणजे ओली काडेपेटी. संगीत निओ-सायकेडेलिक. म्हणजे गिटारचा आवाज पेडलमधून असा घुमवायचा की खोली पाण्याखाली गेल्यासारखी वाटावी, आणि एकच धून पंधरा मिनिटं सोडायची नाही. दोन अल्बम निघाले, मग भांडणं होऊन मंडळी पांगली. इव्हान बायकोच्या, नागपूरच्या मंजिरीच्या, नोकरीपायी बेंगळुरूला आला, तो गिटार आणि बँडचं नाव घेऊन. इथे ड्रमवर मिळाला श्रीनिवास, पिढ्यान्‌पिढ्या इथेच मुरलेला मराठी. बेसवर मी. पुण्याहून नुकताच इलेक्ट्रॉनिक सिटीत आलो होतो, मला या शहरात कुत्रं विचारत नव्हतं. या दोघांनी विचारलं, ते मी विसरणार नाही.

*

पहिला शो. पोस्टरवर ‘थेट ऑस्ट्रेलियाहून!’ आयोजकानं श्रीनिवासला आणि मला पाहिलं आणि त्याचा चेहराच पडला. शोची वेळ झाली तरी इव्हानचा पत्ता नाही. शेवटी सापडला तो पहिल्या रांगेत, गळ्यात हार, हातात नारळ. कुणीतरी परदेशी पाहुणा समजून सत्कार करून बसवला होता. आम्ही स्टेजवर दिसताच त्यानं मनापासून टाळ्या वाजवल्या. त्याला वाटलं, आधी सगळ्यांचाच सत्कार असतो.

*

प्रॅक्टिसला जागा मिळेना. आमचा आवाज ऐकून दोन घरमालकांनी हात जोडले. मग श्रीनिवासची आई, अक्का, म्हणाली की माझ्या माडीवर या. आम्हाला धाकधूक. आवाज ऐकून तिनंही हात जोडले असते तर बँड तिथेच संपला असता. पहिल्या दिवशी ती पंधरा मिनिटांचं गाणं पूर्ण ऐकत बसली.

“सरी,” म्हणजे ठीक आहे, ती म्हणाली. “भजनच की रे हे. एकच ओळ, परत परत.”

मग शेजाऱ्यांनाही तिनं तेच पटवून दिलं.

*

अक्काची अट एकच. दिवेलागणीला ती देवापाशी दिवा लावणार, तेवढा वेळ वाद्यं बंद. तिचं हात जोडून झालं की खालून हाक यायची, “आयितु!” म्हणजे झालं. मग आम्ही सोडलं तिथून पुढे.

दर शनिवारी त्या वेळी आमचं तेच लांब गाणं चालू असायचं आणि मधोमध थांबायचं. पुढे एका मोठ्या शोमध्ये त्याच जागी आमचे तिघांचेही हात आपोआप थांबले. हॉलमध्ये चिडीचूप. आम्ही हाकेची वाट बघतोय, आणि हाक येणार कुठून? शेवटी श्रीनिवासनंच भान येऊन ठोका दिला. टाळ्यांचा नुसता पाऊस! नंतर एका मुलानं इव्हानला विचारलं, ती शांतता कशी सुचली?

“ती अक्कानं बसवली आहे,” इव्हान म्हणाला.

*

गेल्या वर्षी अ‍ॅडलेडच्या जुन्या मित्रांचा फोन आला. भांडण मिटवू, एक शो करू, जमलं तर पुन्हा कायमचे एकत्र येऊ. इव्हान गेला. आम्ही हसून निरोप दिला. त्याची माणसं तिकडची, बँडचं नावही तिकडचं. तो परत का यावा? अक्का तेवढी निर्धास्त. तिनं त्याच्या बॅगेत चकल्यांचा डबा कोंबला आणि म्हणाली, डबा परत आण.

शोच्या दिवशी त्यानं व्हिडिओ कॉल लावला. फोन तिकडे गिटारच्या अ‍ॅम्पवर टेकवलेला, इकडे अक्कासह आम्ही तिघं माडीवर. तिथे रात्र झालेली, आमच्याकडे दिवेलागण. तेच लांब गाणं, मूळचं तिकडचंच, रंगात आलं होतं. अक्का सवयीनं उठली आणि खाली गेली.

आणि स्क्रीनवर, नेहमीच्याच जागी, इव्हानचा हात थांबला. त्याच्याकडे बघत बाकीचेही थांबले, शिकवल्यासारखे. अख्खा हॉल गप्प. इव्हान फोनकडे बघत उभा. श्रीनिवासनं माझं मनगट घट्ट धरलं.

खाली अक्काला कसलीच घाई नव्हती. तिनं वात सारखी केली, दिवा लावला, सावकाश हात जोडले.

“आयितु!”

अ‍ॅडलेडच्या ड्रमरनं ठोका दिला.