चाखायचं ताट

बोरीच्या अंगणवाडीत खिचडी करणारी एक बाई होती. तिचं नाव मी कधी विचारलं नाही. माझी बायको गेली त्याच वर्षाची गोष्ट. अंगणवाडीतल्या माझ्या नातीला खोकला होता, म्हणून औषधाची बाटली मी त्या बाईच्या हातात दिली, तर तिनं ती परत केली. "औषध घरच्यानंच पाजायचं, आबा. नियम हाये. दुपारी या."

दुपारी गेलो, औषध पाजलं. तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं, पदराला हात पुसले आणि ताटभर खिचडी पुढं ठेवली. "पोरांच्या आधी मोठ्या माणसानं चाखायचं. ह्यो बी नियमच. बसा."

खाऊन म्हणालो, "मीठ कमी हाये."

"उद्या बी या सांगायला."

खोकला गेला तरी मी रोज जायचो. घरी सून भाकरी झाकून मळ्यात जायची, पण ती एकट्याला गिळवत नव्हती.

एकदा खिचडीवाली बाई रजेवर होती. दुसऱ्या बाईनं घासभर चाखून पोरांना वाढलं. मी म्हणालो, "चाखायचं काम माझं हाये."

ती हसली. "चाखायला ताटभर कशाला, आबा? ती तिच्या वाटणीचं तुमाला देती."

दुसऱ्या दिवशी ती कामावर परतली आणि ताट पुढं आलं. मी निम्मं खाल्लं आणि निम्मं तिच्याकडं सरकवलं. "मिठाचं तू बी बघ जरा."

ती माझ्यासमोर जेवायला बसली.