बारदाना वगळून

सेनगावच्या मोंढ्यात तीस वर्षं सोयाबीन आणि तूर तोलून भागवतराव मापाड्याच्या जिभेवर शंभर किलोचा कुंटल कायमचा बसला होता. पोती मोजताना पहिल्या पोत्याला ते कधीच एक म्हणत नसत. लाभ म्हणत, मग दोन, तीन. माणसंही ते त्याच काट्यावर तोलत. लग्नाच्या मांडवातच जावयाकडं बघून म्हणाले होते, "वजन पाऊण कुंटल, अक्कल पावशेर!" जावई त्यांच्याशी वर्षभर मोजकंच बोलला.

लेक वैष्णवी बाळंत झाली तेव्हा दवाखान्यातल्या नर्सबाईंनी दुपट्यात गुंडाळलेलं लेकरू काट्यावर ठेवलं. "तीन किलो शंभर ग्रॅम," त्या म्हणाल्या.

"बारदाना धरून का वगळून?" भागवतरावांनी विचारलं.

"बारदाना?" नर्सबाईंनी विचारलं.

"अवो, पोत्याचं वजन मालात धरतेत व्हय? दुपटं काढा."

जावयानं कपाळावर हात मारला. दुपटं काढलं, तसा आकडा दोन किलो नऊशेवर आला. दोनशे ग्रॅमची लबाडी पकडल्यासारखे भागवतराव मिशीत हसले.

तेवढ्यात विहीणबाईंनी सुस्कारा सोडला. "पहिली पोरगीच झाली म्हणायची!"

भागवतरावांची नजर काट्यावरून हलली नाही.

"मोजताना पहिल्याला एक म्हणत न्हाईत, विहीणबाई," ते म्हणाले. "लाभ म्हणतेत."