नवा लूप नको म्हणणारे भाऊ

"कायले पाह्यजे नवा लूप?" असं म्हणत आमचे ज्येष्ठ सहकारी भाऊ चष्मा कपाळावर चढवायचे. चष्मा वर गेला की वाशिमच्या आमच्या ऑफिसात सगळे समजायचे, आता चहा गार होणार.

आम्ही बाजार समित्यांसाठी प्रोग्राम लिहितो. त्यासाठी लागणारा डेटाबेस फुकटचा, जगभरची माणसं मिळून घडवतात. त्यात बदल हवा असेल तर ईमेलवर चारचौघांत भांडायचं. भाऊ मूळचे रिठदचे, पण भांडण थेट परदेशाशी.

वाद असा होता. एकच काम पुन्हा पुन्हा करून घ्यायला त्या डेटाबेसच्या भाषेत लूप लिहितात, आणि तो फार रखडायचा. तिकडच्या एका साहेबांचं म्हणणं, जलद पळणारा नवा लूप भाषेत घाला, ज्याला हवा तो वापरेल. भाऊ म्हणत, लूप जुनाच ठेवा, आतली यंत्रणा सुधारा. ती सुधारणा त्यांनी स्वतः लिहून पाठवलीही होती, पण साहेब ऐकेनात.

"ज्यायनं हे प्रोग्राम लिवले ते गेले पुन्याले," भाऊ मला म्हणाले. "आता त्याच्यात नवा लूप कोन घालन? मेडशीचा सोयाबीनवाला काट्यावर उभाच राहीन ना!"

इंग्रजी लिहायचं त्यांच्या जिवावर यायचं, म्हणून उत्तरं मी टाइप करायचो. ते सांगत, "लिह्य त्या सायबाले, 'काहून बे, झोपला का तू?'" मी लिहायचो, "आपल्या मताचा पूर्ण आदर राखून..."

"कडक लिहून राह्यला ना?"

"लय कडक, भाऊ."

साहेबांचं उत्तर नम्र आलं की भाऊ खूश. "पाह्य, घाबरला!"

यंत्रानं कोणी न सांगता आतूनच जलद पळावं म्हणणारे हेच भाऊ शेलूबाजारच्या जीपमध्ये बसले की ड्रायव्हरला गिअर सांगायचे. एकदा त्यानं जीप बाजूला घेतली आणि म्हणाला, "काका, तुमीच चालवा." भाऊंना गाडी येत नव्हती. मी हसलो, तर म्हणाले, "त्याचं इंजन मी थोडीच लिवलं!"

पुढे एकदा मी लग्नाला गेलो असताना भाऊंनी उत्तर स्वतःच धाडलं, अस्सल वऱ्हाडीत, 'झोपला का तू?'सकट, जगभरच्या मंडळींना. मी कपाळाला हात लावला. पण साहेबांनी ते संगणकाकडून भाषांतर करून वाचलं आणि कळवलं, "खरंच झोपलो होतो. जुन्या प्रोग्रामांचा विचारच केला नव्हता." भाऊंची सुधारणा मंजूर झाली. माझ्या आदरयुक्त पत्रांनी जे महिनोन्‌महिने जमलं नाही, ते त्या एका शिवीसारख्या प्रश्नानं जमलं.

नवी आवृत्ती यायच्या आधीच भाऊ गेले. ती त्यांना बघायला मिळाली नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

परवा नवी आवृत्ती बसवल्यावर ऑफिसात नव्यानं आलेली मुलगी म्हणाली, "सर, म्या एक अक्षर नाही बदललं, तरी जुना प्रोग्राम आपोआप जोरात पळून राह्यला!"

"आपोआप नाही," मी म्हणालो.

"मंग कोनं केलं?"

मी खुर्ची ओढून तिच्याजवळ बसलो. भाऊंची गोष्ट सांगता सांगता दोघांचाही चहा गार झाला.